स्टिरिओ फोटो पाहताना: आधी तपशील मोजा, मग भिंग निवडा

स्टिरिओ फोटो म्हणजे एकाच दृश्याची किंचित वेगळ्या जागेवरून टिपलेली जोडी, डाव्या डोळ्यासाठी एक चित्र, उजव्यासाठी एक. ती दोन भिंगांतून पाहायचं साधन म्हणजे स्टिरिओस्कोप. त्याचं साधं रूप असं: पुठ्ठ्याचा डबा, त्यात ४५ मिमी नाभीय अंतराची दोन भिंगं (दूरच्या वस्तूची रेखीव प्रतिमा भिंगापासून जितक्या लांब पडते ते नाभीय अंतर), समोर फोन. चित्र डोळे भरून दिसतं, पण मच्छरदाणीतून बघितल्यासारखं. भिंग स्वस्तातलं म्हणून असं होतंय, अशी समजूत करून घेऊन लोक महागडं भिंग आणतात आणि मग तीच मच्छरदाणी आणखी स्वच्छ दिसू लागते. दोष भिंगाचा नसतोच. चित्रात जेवढं नाही तेवढं भिंग मागत असतं.

उलटी चूकही तितकीच नेहमीची. शार्प दिसावं म्हणून लांब नाभीय अंतराचं सौम्य भिंग घ्यायचं आणि मग चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं वाटतं, चित्रातली खोली (डेप्थ) मात्र बोगद्यासारखी लांबलचक, अशी तक्रार करायची. हे दोन्ही टाळायचं तर कामाचा क्रम बदलावा लागतो. चित्रातला तपशील आधी, भिंग नंतर, भिंगांमधलं अंतर त्यानंतर, आणि फोकस सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके फोकसपासून सुरू करतात.

तयारी

जवळ असू द्या: मिलिमीटरच्या खुणा असलेली ३० सेंमीची स्टीलची पट्टी (प्लास्टिकच्या पट्टीवर शून्याची खूण बऱ्याचदा काठापासून सरकलेली असते), एक आलेख कागद, काळा जाड पुठ्ठा, टोकदार पेन्सिल, मागेपुढे हलवता येतील असे दोन टेबल-लॅम्प, चष्मा पुसायचं मऊ फडकं आणि एक साधा कॅल्क्युलेटर.

चष्म्याचं आधीच ठरवा. स्टिरिओस्कोपमधलं चित्र भिंगामुळे डोळ्यांना लांबवर असल्यासारखं मिळतं. म्हणून लांबचा चष्मा लावायचा, वाचायचा काढून ठेवायचा. फक्त चाळिशीचा नंबर असेल तर चष्म्याशिवाय बघा. दोन्ही डोळ्यांना सारखाच उणे नंबर असेल तर चष्मा काढून, चित्र भिंगाच्या थोडं जवळ आणून काम भागतं. पण दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील किंवा सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा हवाच, कारण चित्र मागेपुढे सरकवून तो फरक भरून निघत नाही.

१. चित्रात तपशील किती आहे ते मोजा

निरोगी डोळा साधारण एका कोनीय मिनिटाएवढा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा, तपशील वेगळा ओळखतो. म्हणजे दृष्टीच्या प्रत्येक अंशात ६० पिक्सेल मिळाले तर डोळ्याची मागणी पुरी झाली. ४० असतील तर चित्र सुरेख दिसतं, कमी आहे हे फारसं जाणवत नाही. २५ च्या खाली कडा मऊ पडतात आणि १५ च्या खाली पिक्सेलच मोजत बसावं लागतं.

तुमच्या चित्राला किती मिळतील हे काढायचं सूत्र सोपं आहे (डीपीआय म्हणजे चित्रात इंचाला किती पिक्सेल, फोनच्या पडद्यासाठी त्यालाच पीपीआय म्हणतात):

डीपीआय × भिंगाचं नाभीय अंतर (मिमी) ÷ १४५० = प्रत्येक अंशातले पिक्सेल

४०० पीपीआयच्या फोनपुढे ४५ मिमीचं भिंग धरलं तर १२ पिक्सेल. मच्छरदाणीचं उत्तर इथेच मिळालं. त्याच फोनपुढे १०० मिमीचं भिंग धरलं तर २८, आणि २०० मिमीचं धरलं तर ५५. लॅबमधून ३०० डीपीआयला छापून आणलेल्या फोटोला १०० मिमीच्या भिंगात जेमतेम २१ मिळतात, २०० मिमीच्या भिंगात ४१. ६०० डीपीआयचं खरोखरीचं प्रिंट असेल तर १०० मिमीलाही ४१ मिळतात.

‘खरोखरीचं’ हा शब्द महत्त्वाचा, कारण पुढच्या तीन ठिकाणी आकडा फसवतो.

पहिलं ठिकाण म्हणजे प्रिंटरच्या खोक्यावरचा १४४० किंवा २८८० डीपीआय. तो शाईच्या थेंबांचा हिशेब आहे, चित्राच्या पिक्सेलांचा नव्हे. एक पिक्सेल रंगवायला बरेच थेंब लागतात.

दुसरं, फुगवलेली फाइल. ६० मिमी रुंदीचं चित्र ६०० डीपीआयला छापायला साधारण १,४२० पिक्सेल रुंदीची फाइल लागते. हातात ७०० पिक्सेलची फाइल असेल आणि सॉफ्टवेअरने ती १,४२० केली तर कागदावर आकडा ६०० चा, तपशील ३०० चाच. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेली जोडी आकसलेली असते. ती डॉक्युमेंट म्हणून मागवा.

तिसरं, पुस्तकातली किंवा मासिकातली छापील जोडी. ती ठिपक्यांच्या जाळीत छापलेली असते, बहुधा इंचाला १५० ओळींच्या. १०० मिमीच्या भिंगातून चित्राच्या आधी ठिपके दिसतात. अशा जोडीला २०० मिमीहून कमी नाभीय अंतराचं भिंग लावूच नये.

*तपासणी:* फाइल संगणकावर १०० टक्के आकारात उघडा. पानांच्या कडा, केस, दुकानाच्या पाटीवरची अक्षरं त्या आकारात रेखीव दिसतात का? डावी-उजवी दोन्ही चित्रं तपासा. एक शार्प आणि दुसरं किंचित हललेलं असेल, तर मेंदू काही वेळ शार्प चित्रावर भागवून घेतो, पण पाच मिनिटांत कपाळ दुखू लागतं.

२. नाभीय अंतर ठरवा: इथे खरी ओढाताण आहे

भिंग किती पट मोठं दाखवतं ते २५० ला मिमीतल्या नाभीय अंतराने भागून मिळतं. २०० मिमीचं भिंग सव्वा पट, १०० चं अडीच पट, ४५ चं साडेपाच पट. वरचं सूत्र म्हणतं, नाभीय अंतर वाढवा. मग सरळ २०० मिमीच का घेऊ नये?

कारण चित्रातली खोली बिघडते. फोटो ज्या कोनात टिपला त्याच कोनात पाहिला तरच लांबी, रुंदी आणि खोली यांचं प्रमाण बरोबर लागतं. त्यासाठी भिंगाचं नाभीय अंतर कॅमेऱ्याच्या नाभीय अंतराला चित्र जितकं पट वाढवलं तितक्याने गुणून येणाऱ्या आकड्याएवढं हवं. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं उदाहरण घेऊ. तो बहुधा २६ मिमी समतुल्य असतो, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यावर २६ मिमीचं भिंग जेवढं दृश्य टिपतं तेवढं टिपतो. त्याचा आडवा ४:३ फोटो न कापता ६० मिमी रुंद छापला तर योग्य भिंग येतं सुमारे ४५ मिमीचं. तेच चित्र १०० मिमीच्या भिंगातून पाहिलं तर खोली दुपटीहून जास्त ताणली जाते. माणसाचं नाक पुढे आलेलं आणि कान पाठीमागे गेलेले दिसतात. २०० मिमीला तर साडेचार पट. उलट, हवं त्याहून कमी नाभीय अंतराचं भिंग लावलं तर खोली दाबली जाते आणि माणसं पुठ्ठ्यातून कापून उभी केल्यासारखी दिसतात.

म्हणजे बरोबर प्रमाणासाठी ४५ हवं, शार्पपणासाठी १०० ते २००. भिंग बदलून हा तिढा सुटत नाही. तो फोटो काढतानाच सोडवायचा: २x ने काढा. ५२ मिमी समतुल्य फोटोचं तेच ६० मिमीचं प्रिंट असेल तर योग्य भिंग येतं ९० मिमीचं. बाजारात सहज मिळणाऱ्या १०० मिमीच्या भिंगाशी ते जवळपास जुळतं आणि उरलेला फरक डोळ्याला कळत नाही. ३x, म्हणजे ७७ मिमी समतुल्य फोटोला १३० मिमीच्या आसपासचं भिंग लागतं.

मात्र २x म्हणजे चिमटीने पडदा ताणून केलेला झूम नव्हे. कॅमेऱ्याने स्वतः दिलेला २x चा पर्याय वापरा आणि वर सांगितलेली १०० टक्क्यांची तपासणी त्या फोटोवर करून खात्री करा.

जुने २६ मिमीचे फोटो फेकायला नकोत. निसर्गदृश्यात खोली दीड-दोन पट ताणलेली असली तरी कुणी तक्रार करत नाही. उलट डोंगरांच्या रांगा एकामागे एक सुटून दिसतात म्हणून ते आवडतं. चेहरे, घरातल्या खोल्या आणि हातात धरलेल्या वस्तू यांना मात्र हा ताण सोसत नाही.

घरी सुरुवात करणाऱ्यांसाठी आमचा कौल: २x चा फोटो, ६० मिमी रुंदी, ६०० डीपीआय, १०० मिमीचं भिंग. घरी चांगला प्रिंटर नसेल आणि फोटो लॅबमधून ३०० डीपीआयलाच छापून येणार असेल तर ३x चा फोटो आणि १५० मिमीचं भिंग घ्या. अंशाला ३१ पिक्सेल मिळतात आणि प्रमाणही सांभाळलं जातं.

३. भिंगं मिळवा आणि स्वतः मोजा

शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात ५० मिमी व्यासाची काचेची बहिर्गोल भिंगं १०, १५ आणि २० सेंमी नाभीय अंतरात मिळतात. आपल्या कामाला ती पुरेशी आहेत. फक्त दोनच्या ऐवजी चार घ्या आणि त्यातून जुळणारी जोडी निवडा.

मोजायचं असं: खोलीत अंधार करा. खिडकीसमोरच्या भिंतीवर कागद धरून खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाची किंवा इमारतीची प्रतिमा कागदावर घ्या. ती सर्वांत रेखीव झाली की भिंगाच्या मध्यापासून कागदापर्यंतचं अंतर मोजा. प्रत्येक भिंग तीनदा मोजून सरासरी काढा.

*सावधान:* सूर्याची प्रतिमा घेऊन मोजू नका. कागद पेटतो, आणि चुकून त्या भिंगातून वर बघितलं तर डोळा जातो.

जोडीतल्या दोन भिंगांत २ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. १०० मिमीला तो २ मिमी होतो. यापेक्षा फरक असेल तर एक चित्र दुसऱ्याहून मोठं दिसतं. मध्यभागी जुळवलं तर कडेला सुटतं, आणि कितीही फोकस केलं तरी ‘काहीतरी बरोबर नाही’ ही भावना जात नाही.

२०० मिमीचं भिंग हवं असेल तर चष्म्याचं दुकान उत्तम. +५ नंबरची न कापलेली जोडी मागा आणि साहित्य सीआर-३९ (चष्म्याच्या भिंगांचं नेहमीचं प्लास्टिक) हवं असं स्पष्ट सांगा. पॉलीकार्बोनेट आणि ‘पातळ’ म्हणून विकली जाणारी हाय-इंडेक्स भिंगं घेऊ नका. कारण पुढच्या टप्प्यात येईल. दुकानदाराकडे नंबर तपासायचं यंत्र असतं. त्यावर दोन्ही भिंगांच्या मध्यबिंदूवर शाईचा ठिपका मारून घ्या. मिनिटाचं काम आहे, पण हा ठिपका नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

एका बाजूने सपाट भिंग हाती आलं असेल तर आलेख कागद त्यातून पाहा, भिंग उलटवून पुन्हा पाहा. ज्या बाजूने कडेच्या रेघा जास्त सरळ आणि शार्प दिसतील ती बाजू ठेवा. बहुधा सपाट बाजू डोळ्याकडे ठेवावी लागते.

४. भिंगांमधलं अंतर

हा सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे. लोक आपल्या डोळ्यांतलं अंतर मोजतात, ६३ मिमी वगैरे, भिंगं तेवढ्यावर चिकटवतात आणि समोर हवं ते चित्र ठेवतात. नियम वेगळा आहे. डाव्या चित्रात सगळ्यात दूरची जी गोष्ट आहे, डोंगराचं टोक, क्षितिजावरची टाकी, ती उजव्या चित्रातही शोधा. पट्टीने त्या दोन्हींतलं अंतर मोजा. भिंगांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर नेमकं तेवढं हवं. मग दूरच्या वस्तूकडे बघताना दोन्ही डोळे समांतर राहतात, तुमच्या डोळ्यांतलं अंतर ६० असो की ६७.

चित्रांतलं अंतर भिंगांतल्या अंतरापेक्षा जास्त झालं तर डोळ्यांना बाहेर फाकावं लागतं. हे काम डोळ्यांनी आयुष्यात कधी केलेलं नसतं. १०० मिमीच्या भिंगात १ मिमीची चूक म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त ताण, ४५ मिमीच्या भिंगात सव्वा अंश. भिंग जितकं ताकदवान तितकं ते आपल्या चुकाही मोठ्या करून दाखवतं.

आता त्या सीआर-३९ बद्दल. जुन्या स्टिरिओ कार्डांत चित्रं रुंद असल्याने दूरच्या बिंदूंमधलं अंतर ८० मिमीच्या घरात असतं. भिंगांची केंद्रं ८० वर आणि डोळे ६४ वर असतील तर प्रत्येक डोळा भिंगाच्या केंद्रापासून ८ मिमी आत, नाकाकडच्या भागातून बघतो. तिथे भिंग लोलकासारखं वागतं आणि लोलक रंग फोडतो. +५ च्या सीआर-३९ भिंगात ही रंगांची फाकण अडीच कोनीय मिनिटांच्या आतबाहेर येते. म्हणजे डोळ्याच्या क्षमतेपेक्षा थोडी जास्त, पण निभावण्यासारखी. पॉलीकार्बोनेटमध्ये तीच साडेचार मिनिटांच्या पुढे जाते. पांढऱ्या भिंतीच्या एका कडेला निळी आणि दुसऱ्या कडेला तांबूस किनार दिसते ती हीच. फोकस कितीही फिरवला तरी ती जात नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वतःची जोडी नव्याने छापत असाल तर चित्र ६० मिमीवर थांबवा. भिंगांची केंद्रं डोळ्यांसमोर येतात, लोलक उरत नाही, मध्यभाग स्वच्छ दिसतो. ‘थोडं मोठं छापू’ या मोहात ७५ मिमी केलं की मिळतं त्याहून जास्त गमावलं जातं.

५. जोडी तयार करा, आणि याच क्रमाने

फोटो काढतानाच एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा (पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनांत होतं). पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो पार्श्वभूमी कृत्रिमरीत्या धूसर करतो, आणि डाव्या-उजव्या चित्रात वेगवेगळ्या जागी करतो. २x ने आधी डावा फोटो काढा, मग जवळच्या वस्तूपर्यंतच्या अंतराच्या पन्नासाव्या भागाएवढा फोन उजवीकडे आडवा सरकवून उजवा काढा. वस्तू ३ मीटरवर असेल तर ६ सेंमी. फोन वळवू नका, फक्त सरकवा.

संगणकावर:

अ) आधी जुळवणी. विंडोजवर स्टिरिओफोटो मेकर हे मोफत सॉफ्टवेअर दोन चित्रांतला तिरकेपणा, उंचीतला फरक आणि लहान-मोठेपणा आपोआप काढून टाकतं. प्रिंटवर उंचीतला फरक १०० मिमीच्या भिंगासाठी ०.३ मिमीच्या आत हवा. वर-खाली सरकलेलं चित्र जुळवायला डोळे फार नाखूश असतात.

आ) मग कापणी. सगळ्यात जवळची आणि सगळ्यात दूरची वस्तू यांच्या सरकण्यातला फरक चित्राच्या रुंदीच्या तिसाव्या भागाएवढा, म्हणजे ६० मिमीला २ मिमी ठेवा. आपल्या मांडणीत हिशेब असा बसतो: प्रत्येक चित्र ६० मिमी, मध्ये १ मिमी फट, जवळच्या बिंदूंत ६१ मिमी, दूरच्या बिंदूंत ६३ मिमी, भिंगांची केंद्रंही ६३ मिमीवर.

इ) मग आकार, एकदाच. दर वेळी आकार बदलला की थोडा तपशील मरतो.

ई) मग नॉइज कमी करणं, दोन्ही चित्रांना सारखं. अंधारात काढलेल्या फोटोत कण दोन्ही चित्रांत वेगवेगळे पडतात, त्यामुळे भिंगातून हवेत वाळू उडतेय असं वाटतं.

उ) शार्पनिंग अगदी शेवटी. त्रिज्या ०.५ ते ०.८ पिक्सेल, दोन्ही चित्रांना तीच. पडद्यावर ‘छान कडक’ दिसणारं शार्पनिंग भिंगाखाली कडांभोवती पांढऱ्या रेघा काढतं. एका साध्या फोटोत त्या खपून जातात. स्टिरिओत मात्र प्रत्येक फांदीभोवती चमचमणारी चांदीची तार दिसते.

६. छपाई

ग्लॉसी किंवा लस्टर फोटो पेपर घ्या. मॅट कागदावर शाई पसरते आणि ६०० चा तपशील तिथे ४०० चाही राहत नाही. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडा, दर्जा सर्वोच्च ठेवा आणि ‘फिट टू पेज’ बंद करा. हा शेवटचा पर्याय चालू राहिला तर ६३ चं ६१ किंवा ६६ होतं आणि चौथ्या टप्प्यावरची मेहनत पाण्यात जाते.

*तपासणी:* छापल्यावर लगेच पट्टी लावा. दूरच्या बिंदूंत ६३ मिमी आहे का? नसेल तर भिंगं हलवण्याआधी छपाई दुरुस्त करा. मग एकाच भिंगातून, एका डोळ्याने चित्र पाहा. एका डोळ्याला जे शार्प दिसत नाही ते दोन डोळ्यांना दिसणार नाही.

७. मांडणी आणि फोकस

काळ्या पुठ्ठ्यात ६३ मिमीवर दोन भोकं पाडून भिंगं बसवा. ५० मिमी व्यासाची भिंगं शेजारी-शेजारी सहज मावतात. मध्ये नाकापासून चित्रापर्यंत पुठ्ठ्याची आडभिंत घाला, म्हणजे डाव्या डोळ्याला उजवं चित्र दिसणार नाही. चित्र मागेपुढे सरकेल अशी सोय ठेवा. डोळा भिंगापासून १५ ते २० मिमीवर असावा. डोके मागे घेतलं की कडा धूसर होतात आणि चित्राचा कोपरा कापला जातो.

फोकस करताना दिशा महत्त्वाची. चित्र आधी नाभीय अंतराहून लांब न्या, धूसर होईपर्यंत. मग हळूहळू जवळ आणा, आणि पहिल्यांदा शार्प दिसलं की तिथेच थांबा. आणखी जवळ आणलं तरी तरुण डोळ्यांना शार्पच दिसत राहतं, कारण डोळा स्वतः जोर लावून फोकस करतो. पण तेव्हा डोळे एकीकडे समांतर बघतात आणि दुसरीकडे जवळचं फोकस धरतात. दहा मिनिटांत डोळे चुरचुरतात आणि दोष भिंगावर येतो. ज्यांनी जवळून लांब असा फोकस केला त्यांना हा त्रास हमखास होतो.

डावा डोळा झाकून पाहा, मग उजवा. दोघांचा शार्प बिंदू वेगळ्या अंतरावर येत असेल तर एक तर भिंगं जुळत नाहीत किंवा चष्म्याचा नंबर बदललाय. भिंगांची अदलाबदल करा. दोष भिंगाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर भिंग, आहे तिथेच राहिला तर डोळा.

चूक किती चालते? पाव डायॉप्टरची (चष्म्याच्या पाव नंबराएवढी) धूसरता जेमतेम जाणवते. ती यायला २०० मिमीच्या भिंगापुढचं चित्र १० मिमी हलावं लागतं, १०० मिमीच्या भिंगापुढे अडीच मिमी पुरतात, आणि ४५ मिमीला फक्त अर्धा मिमी. पुठ्ठ्याच्या डब्यात फोन एका बाजूने किंचित तिरका बसला की एक डोळा शार्प आणि एक मऊ का होतो, ते यावरून कळेल. कागद फुगलेला असला तरी हेच होतं. प्रिंट जाड पुठ्ठ्यावर चिकटवा आणि गोंद पूर्ण वाळेपर्यंत वजनाखाली ठेवा.

जुनं कार्ड वाकलेलं असेल तर मात्र त्याला सरळ करायला जाऊ नका. बरीच कार्डं मुद्दाम कमानदार बनवलेली असत. दाबली तर वरचा फोटो तडकतो.

जुन्या कार्डांबद्दल थोडं

निगेटिव्हवरून थेट कागदावर उतरवलेली जुनी कार्डं तपशिलाने इतकी भरलेली असतात की २०० मिमीचं भिंग त्यांना कमीच पडतं. १०० मिमीचं सुटं भिंग एका डोळ्याने फिरवून पाहिलं तर दुकानांच्या पाट्या वाचता येतात. याउलट विसाव्या शतकाच्या सुरुवातीची रंगीत छापील कार्डं ठिपक्यांची असतात. त्यांना सव्वा पटीपलीकडे नेऊ नये. दोन्ही कार्डं एकाच मापाची, सुमारे १७८ × ८९ मिमी, त्यामुळे फसायला होतं. ओळखायचं तर कार्डाच्या आकाशाच्या भागावर भिंग धरा. सलग छटा दिसली तर खरा फोटो, ठिपके दिसले तर छपाई.

अशा कार्डाची प्रत छापायची असेल तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर हजारो कार्डांचे स्कॅन मोफत आहेत, भारतातल्या दृश्यांचेही. पानावर दिसणारी छोटी जेपीईजी उतरवून छापायची नाही. खाली मोठ्या टिफ फाइलचा पर्याय असतो, तो घ्या. चित्रं ६० मिमीला आकसून छापली की वर सांगितलेली १०० मिमीची मांडणीच त्यांना चालते.

८. प्रकाश

उजेड कमी असला की बाहुली मोठी होते आणि भिंगाच्या कडेचे व डोळ्याचे स्वतःचे दोष चित्रात उतरतात. म्हणून अंधाऱ्या खोलीत मंद फोन लावून पाहिलेलं चित्र मऊ दिसतं. तेच चित्र उजेड वाढवल्याबरोबर, काहीही न हलवता, शार्प होतं. प्रिंटला दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून दोन दिवे द्या. एकच दिवा असेल तर ग्लॉसी कागदाची चकाकी एका डोळ्यात जाते, दुसऱ्यात नाही, आणि तो भाग चांदीसारखा झगमगतो. भिंगावर बोटांचे तेलकट ठसे असले की सगळं चित्र दुधाळ होतं. हे तपासायला पाच सेकंद लागतात, तरी लोक सगळ्यात शेवटी तपासतात.

९. अजूनही बरोबर दिसत नसेल तर

चौकोनी पिक्सेल किंवा ठिपके दिसतात: भिंग चित्राला झेपत नाही. पहिल्या टप्प्याचा हिशेब पुन्हा करा, भिंग सौम्य करा किंवा चित्र जास्त डीपीआयला छापा. स्वच्छ भिंग आणून हे सुटणार नाही.

पिक्सेल दिसत नाहीत, तरी सगळीकडे मऊ: फोकसचं अंतर, कमी उजेड किंवा फुगवलेली फाइल. याच क्रमाने तपासा.

मध्ये शार्प, कडेला धूसर: डोळा भिंगापासून लांब आहे किंवा कागद फुगलाय. दोन्ही ठीक असतील तर ती साध्या भिंगाची मर्यादा समजा. चित्राची रुंदी ५५ मिमी करून पाहा, बहुतेक वेळा तक्रार मिटते.

कडांना निळी-तांबूस किनार: भिंगाच्या केंद्राबाहेरून बघताय. चौथा टप्पा.

दोन चित्रं एक होतच नाहीत: आडवी दुहेरी दिसत असतील तर दूरच्या बिंदूंतलं अंतर भिंगांच्या अंतरापेक्षा जास्त झालंय. उभी दुहेरी दिसत असतील तर एक प्रिंट वर-खाली आहे, किंवा एक भिंग पुठ्ठ्यात खाली सरकलंय. हे दुसरं कारण लवकर सुचत नाही. भिंगांचे मध्यबिंदू पट्टीने एका रेषेत आहेत का ते पाहा.

जवळची वस्तू मागे आणि मागची पुढे दिसते: डावं-उजवं चित्र उलट लागलंय. अदलाबदल करून पुन्हा छापावं लागेल. प्रिंट कापून जागा बदलणार असाल तर कापण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलीने ‘डा’ आणि ‘उ’ लिहून ठेवा.